तिसऱ्या पायरीखालचं पत्र

लाउकुला, सारेमा बेट
रविवार, ६ मे १९९०

प्रिय एर्ना,

तुझं कार्ड मिळालं. "जुलैत कबरस्तानाच्या रविवारी येतेय. चर्च बघायचंय, आईची कबर बघायची आहे. तुझ्याकडे उतरणार नाही. चावी ठेव." शेहेचाळीस वर्षांनी बहीण बहिणीला लिहिते ते हे! मीटर बघायला येणाऱ्या माणसानेसुद्धा यापेक्षा दोन शब्द जास्त लिहिले असते.

आई गेल्याचं आणि चर्चची चावी माझ्याकडे असल्याचं तुला कुणी सांगितलं ते तू लिहिलेलं नाहीस. गेल्या उन्हाळ्यात स्वीडनहून लोक आले होते, त्यांच्याकडून कळलं असणार. खरं आहे. आई छासष्ट सालच्या मार्चमध्ये गेली. चर्च मीच झाडते, घंटा मीच वाजवते. गुडघे साथ देतात तोवर.

चर्च आहे तसंच आहे. सातशे वर्षं उभं आहे, आपण दोघी चिडलो म्हणून काही पडत नाही. उत्तरेकडून छप्पर गळतं. चुना पोपडे धरून गळून पडतो आणि खालून जुनी रंगवलेली माणसं डोकावतात. गेल्या हिवाळ्यात एका सैतानाचे दोन पाय बाहेर आलेत. वेदीपुढच्या कमानीवरचा तो गाल फुगवलेला दगडी माणूस, ज्याला तू दातदुख्या म्हणायचीस, तोही आहे. अजून दुखतोय त्याचा दात.

पण जुलैत येऊ नकोस. ऐक माझं. त्या रविवारी सगळा मुलूख इथे लोटतो, प्रत्येक कबरीपाशी दहा-दहा माणसं, तुला शांतपणे काही बघता येणार नाही. रस्ताही खणून ठेवलाय. साखर कुपनावर मिळते, कॉफी मिळतच नाही. सप्टेंबरात ये. सप्टेंबरात इथे फार छान असतं.

आणि पत्रांचं म्हणशील तर त्या काळात टपालाचा काही भरवसा नव्हता. तू काही पाठवलं असशील तर ते पोचलं नसणार. मनात ठेवू नकोस.

आर्मिल्डा


रविवार, २७ मे

प्रिय एर्ना,

दुसरं कार्ड. दोनच वाक्यं. "तारीख तीच. चावी ठेव." वा! बाबा म्हणायचे, हिला दगडी भिंतीशी भांडायला लावलं तर भिंत दमेल. ते आठवलं.

तू येणारच असशील तर एक गोष्ट आधी सांगायला हवी. तुला तिथे उभं राहून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. कबरस्तानात आपल्या जागेत, बाबांच्या उजवीकडे, एक लाकडी क्रूस आहे. त्यावर तुझं नाव आहे. एर्ना, १९२५–१९४४.

आता पुढचं वाच. पत्र फेकून देऊ नकोस.

तू होडीतून स्वीडनकडे पळालीस त्याच्या पाचव्या दिवशी किनाऱ्यावर सामान लागलं. एक वल्हं, एक दुधाची बरणी, कुणाची तरी उशी. त्यात एक हातमोजा होता. लाल चांदण्या, मनगटाला काळी पट्टी, अंगठ्याजवळ आईने नेहमी घालायची ती एक पांढरी ओळ. अगं, आपल्याकडे हातमोजा म्हणजे घराची पाटी! प्रत्येक घराची नक्षी वेगळी, ते काय तुला सांगायला हवं? आईने तो उचलला, पिळला, घरी आणून चुलीवर वाळत घातला. रडली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "माझी वीण मी ओळखणार नाही?"

तुझं शरीर कधी मिळालं नाही. वसंतात जमीन मऊ झाल्यावर म्हाताऱ्या पाद्रींनी परवानगी दिली आणि तो हातमोजा एका छोट्या पेटीत घालून आम्ही पुरला. क्रूस एवाल्डने केला. तेव्हा तो माझा नवरा नव्हता झाला अजून.

दर शनिवारी मी तिथली वाळू विंचरते. तुला विसर पडला नसेल, दाताळं घेऊन मागे मागे सरकत जायचं, म्हणजे आपल्याच पावलाचा ठसा राहत नाही. गंमत बघ, तू गेल्यावर इथे आणखी एका ठिकाणी वाळू विंचरायला लागले. सीमेवरचे शिपाई रोज संध्याकाळी अख्खा किनारा विंचरायचे, समुद्राकडे कुणी पळालं तर पाऊल दिसावं म्हणून. ते जिवंतांची वाळू विंचरायचे, आम्ही मेलेल्यांची.

प्रत्येक अर्जात विचारायचे: परदेशात कुणी नातेवाईक? मी लिहायची: बहीण, बुडाली. त्यावर शिक्का बसायचा. एवाल्ड मच्छीमारांच्या सहकारी संस्थेत होता, आणि ज्याचं कुणी पलीकडे असेल त्याला समुद्रात जायचा परवाना मिळत नसे. तू मेलेली होतीस म्हणून माझा नवरा समुद्रात जाऊ शकत होता. हे लिहायला सोपं नाही, पण लिहिलं.

तू म्हणत असशील तर तुझ्या येण्याआधी क्रूस काढते.

आर्मी


गुरुवार, १४ जून

प्रिय एर्ना,

या वेळी अख्खं पान लिहिलंस.

तर हातमोजे तू दुसऱ्या कुणाला दिले होतेस. किनाऱ्यावर उघड्या हातांनी उभी असलेली मुलगी, दुसऱ्या होडीत चढणारी, जिचं नावही तू विचारलं नाहीस. मग आमच्या पेटीत तिचा हातमोजा आहे. शेहेचाळीस वर्षं मी कुणा परक्याच्या लेकीची वाळू विंचरली. विंचरली ते बरंच झालं. तिची कुणी विंचरली असती?

पण तू पानाच्या शेवटी जे विचारलंस, ते मला माहीत होतं की तू विचारणार. "आर्मी, मी सत्तावन्न साली आईला पत्र पाठवलं होतं. ते खरंच पोचलं नाही का? हो की नाही, एवढंच सांग."

पोचलं.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. टपालाला बोल लावला. बिचारी मिन्ना टपालवाली वर गेली, तिला तरी कशाला बट्टा लावू? ती ते पत्र घेऊन अर्धा कोस चिखल तुडवत आली होती. आई गोठ्यात होती, मी दारात. मिन्नाने पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आर्मी, हे तुझ्या आईच्या नावाचं आहे. मी पोचवलं. पुढे तू काय करतेस ते मी बघितलेलं नाही." आणि वळून निघाली. एरवी चहा घेतल्याशिवाय हलायची नाही.

वर स्वीडनचं तिकीट, तुझं अक्षर. तेरा वर्षं मेलेल्या माणसाचं अक्षर! मला आनंद झाला का म्हणून विचारशील. झाला. मी दाराला धरून उभी राहिले. आणि त्याच क्षणी दुसरा विचार आला, आता एवाल्डचा परवाना जाणार. अर्जावर मी खोटं लिहिल्याचं निघणार. आईच्या पोटात काही राहत नाही, ती संध्याकाळपर्यंत गावभर सांगणार की माझी एर्ना जिवंत आहे. पाकिटाची कड आधीच कुणीतरी उघडून परत चिकटवलेली होती, बाहेर गोंद आला होता. म्हणजे ज्यांना कळायचं त्यांना कळलंच होतं. हे मला दिसत होतं तरी मी लपवलं. भीती अशी असते, एर्ना. तिला हिशेब कळत नाही.

जाळायचं धाडस झालं नाही. उघडायचंही झालं नाही. शनिवारी चर्च झाडायला गेले तेव्हा प्रवचनाच्या व्यासपीठाच्या तिसऱ्या पायरीखाली सरकवून दिलं. तीच ती पायरी, जिची फळी हलते, जिथे तू चोरलेले मनुके ठेवायचीस.

आई आणखी नऊ वर्षं जगली. मुलगी बुडाली असं समजून जगली आणि तसंच समजून गेली. पत्र तिच्या नावाचं होतं. एवाल्ड एकोणऐंशीत वारला, त्यानंतर परवान्याचंही निमित्त उरलं नाही. मग ही अकरा वर्षं मी कुणाला भ्यायले? तुला. आणखी कुणाला!

तू उत्तराची वाट बघितलीस आणि मग आम्हाला सोडून दिलंस. बरोबरच केलंस. पत्र तुझं आहे, ते काढून तुझ्या हातात देईन. नंतर तोंड बघायचं नसलं तर नको बघूस.

आर्मी


रविवार, २४ जून

प्रिय एर्ना,

आज ऐन उन्हाळ्याचा, सगळ्यात मोठ्या दिवसाचा सण. पोरं होळ्या पेटवायला जुनिपरच्या फांद्या ओढत चाललीत. मी घरी बसून तुला लिहितेय.

परवा पायरी उघडली. माझ्याने वाकवेना म्हणून नव्या पाद्रींना बोलावलं. पोरगेलासा आहे, पायात खेळाडूंचे बूट घालून उपासना चालवतो, पण हाडाचा चांगला. म्हणाला, "आजी, खाली काय आहे?"

"माझं पाप आहे. तुम्ही पहार धरा."

तो हसला. मग माझं तोंड बघितलं आणि पहार लावली. फळी उचकटली. धूळ, उंदराची लेंडी, एक वाळका मनुका (शप्पथ सांगते!), आणि पाकीट.

एर्ना, पाकीट फोडलेलं होतं.

मी ठेवलं तेव्हा गोंद लावलेलं, बंद होतं. आता वरची कड सुरीने सरळ कापलेली होती, आणि भोवती लाल लोकर गुंडाळून गाठ मारलेली. गाठ डावीकडे. आईचा अंगठा आखडल्यापासून ती गाठ डावीकडेच मारायची.

मी पायरीवरच बसले. पाद्री पाणी आणायला धावला.

अगं, आम्ही दोघी मिळून चर्च झाडायचो. मी बाक पुसायची, ती व्यासपीठ. आणि आपल्याला वाटायचं की तुझ्या मनुक्यांची जागा आईला माहीत नाही!

मग गाठ न सोडता लोकर नुसती सरकवली आणि तेहतीस वर्षांनी तुझं पत्र वाचलं. दातदुख्या वरून बघत होता. "आई, मी जिवंत आहे. स्वीडनच्या मोठ्या बेटावर आहे, नवरा सुतार आहे, चांगला आहे. सोबत योरानचा फोटो पाठवतेय, दोन वर्षांचा झाला. हनुवटी बघ, बाबांची आहे. तुला लिहायची भीती वाटत असेल तर आर्मीला एक ओळ लिहायला सांग. एकच ओळ."

पाकीट झटकलं, पायरीखाली हात घालून चाचपलं, पाद्रीला विजेरी घेऊन आत डोकवायला लावलं. फोटो नव्हता.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी चूल पेटवताना हातात लोकरीचा गुंडा आला आणि सगळं एकदम आठवलं.

त्या हिवाळ्यानंतर आईने तुझ्या क्रूसाची वाळू कधी विंचरली नाही. "तिथलं तू कर गं, माझी कंबर धरते," म्हणायची. आणि बाबांची मात्र करायची, तेव्हा कंबर धरत नसे! एकदा मी फार वेळ दाताळं ओढत बसले तर म्हणाली, "पुरे आता. तिथे कोण झोपलंय एवढं?" मला वाटलं, शरीर नाही म्हणून म्हणतेय. नोव्हेंबरात मृतांच्या रविवारी चर्चमध्ये नावं वाचायचे, तेव्हाही तिने तुझं नाव पाद्रींना दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "विसरले." नऊ वर्षं दर वर्षी विसरली.

आणि जाण्याच्या महिनाभर आधी तिने आपलं गीतांचं पुस्तक लाल लोकरीने बांधलं. उभं-आडवं, घट्ट. मला म्हणाली, "हे माझ्या हातात ठेव. उघडू नकोस, पानं सुटलीत, पडतील." पुस्तक तर आपल्याकडे पुरताना प्रत्येकाच्याच हातात ठेवतात, त्यात नवं काही नव्हतं. मी मिन्नाला हसून म्हटलंसुद्धा, म्हातारीला वाटतं वर देवाघरी पानं मोजून घेतात. मग तिच्या बोटांत ते बसवलं. गाठ डावीकडे होती. पेटीचं झाकण लागेपर्यंत मी बघत होते.

एर्ना, योरानचा फोटो आईकडे आहे.

तिला कळलं होतं. तू आहेस हे कळलं, नातू आहे हे कळलं, आणि ते मी तिच्यापासून लपवलं हेही कळलं. नऊ वर्षं माझ्यासमोर बसून बटाटे सोलले आणि एक अक्षर बोलली नाही. वाचून झाल्यावर पत्र बांधून परत माझ्याच जागी ठेवून दिलं, मला कळू नये म्हणून. मी समजत होते की मी तिला सांभाळतेय. ती मला सांभाळत होती. तोंडाने फाटकी म्हणून जिला सगळं गाव हसलं, तिने एवढं पोटात ठेवलं.

मी तिला एकदा तरी विचारायला हवं होतं. आता कुणाला विचारू?

तू ये. क्रूस मी काढलेला नाही, तू म्हणशील तसं करू. चावी दाराजवळच्या दगडाखाली नेहमीच्या जागी असेल. मी समोर यावं की नाही ते तू ठरव.

आर्मी


रविवार, २२ जुलै

प्रिय एर्ना,

आठवडा झाला. बोट नीट पोचली असेल.

तू सांगितलंस म्हणून लिहायला बसलेय, पण आधी थोडं माझं ऐक. मी भिंतीपलीकडे लिंडनच्या झाडाखाली उभी होते, तू बघितलं नसशील. तू दगड उचललास, चावी घेतलीस आणि दार उघडायच्या आधी हात भिंतीला लावून उभी राहिलीस. लोक येत होते, कडेवर मुलं, हातात फुलांच्या बादल्या, कुणी तुला ओळखलं नाही. राखाडी कोट, काठी. मीही चालीवरूनच ओळखलं. बाबांची चाल.

मग मी आत आले. तू बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर, आईच्या जागी बसली होतीस, वर दातदुख्याकडे बघत. मागे न वळता म्हणालीस, "हा लहान झालाय." मी म्हटलं, "तू म्हातारी झालीयेस." आपलं पहिलं बोलणं ते.

मी पत्र दिलं. तू लोकर सोडली नाहीस, नुसती गाठीवर बोट ठेवून बसलीस. घंटेची वेळ झाली म्हणून मला उठावं लागलं. त्या दिवशी घंटा मी नीट वाजवली नाही, पाद्रीने नंतर सांगितलं.

क्रूसापाशी तू बराच वेळ उभी होतीस. "अक्षरं वाकडी आहेत," म्हणालीस.

"एवाल्डने कोरली."

"तरीच."

मला हसू आलं आणि तुलाही आलं, मी बघितलं, लपवू नकोस. मग म्हणालीस, "नाव तासून टाक. क्रूस राहू दे. त्या मुलीचं दुसरं कोण आहे?" काल मी तासलं. आता तिथे नुसतं स्वच्छ लाकूड आहे.

आईपाशी तू एकच विचारलंस. "कुठल्या हातात?"

"दोन्ही हातांत. पुस्तक धरून."

मग तू बूट न काढता, मी सकाळीच विंचरलेल्या वाळूवर सरळ चालत गेलीस, आणि माझ्या तोंडून "अगं—" निघालं. सवय! तू ऐकलं नाहीस. गुडघे टेकून वाळूवर दोन्ही हात ठेवलेस. ते ठसे तसेच आहेत. या शनिवारी मी दाताळं नेलं नाही.

मी कॉफीला बोलावलं. तिघी बायकांकडून उसनी आणली होती, धुरावलेला मासा केला होता, टेबलावर आईचा कपडा घातला होता. तू फाटकापर्यंत आलीस आणि थांबलीस. "आर्मी, मी पत्र लिहिलं होतं. एक ओळ मागितली होती. आधी उत्तर लिही. उत्तर आलं की कॉफीला येईन." आणि गेलीस. मी रागावले होते, खरं सांगते. एवढं सगळं सांगून झाल्यावर आता कसलं उत्तर? आठवडाभर भांडी आपटली. मग कळलं की ते एक पत्र सोडून मी तुला बाकी सगळं लिहिलं.

तर हे घे. कॉफी डब्यात झाकून ठेवलीय.

प्रिय एर्ना,

तुझं ३ नोव्हेंबर १९५७ चं पत्र मिळालं. तू सुखरूप आहेस हे वाचून आम्हाला दोघींना फार आनंद झाला. तुझ्या नवऱ्याला आमचा नमस्कार सांग, आणि योरानला पापा.

फोटोही मिळाला. मी अजून बघितलेला नाही. तो आईने घेतलाय, आणि ती कुणाच्या हातात देत नाही.

तुझी,
आर्मी